कुबिनाचा वार

मिंबामायचे नाव निघाले की आमच्या गावातली म्हातारी माणसे आजही थुंकतात. तरुण मंडळींना ती कोण होती हे ठाऊक नाही, पण थुंकायचे असते एवढे ठाऊक आहे. त्याला कारण मी आहे.

चॅपेलच्या शाळेतले मास्तर बरेच दिवस मागे लागले होते. "क्वामिनबाबा, गुलामी पाहिलेले आणि लिहिता येणारे तुम्हीच एक उरलात. मळ्यावरच्या कोणाबद्दल तरी लिहून ठेवा." मी अक्षरे शिकलो तीच चाळिशी उलटल्यावर. चार पत्रे आणि चॅपेलच्या वहीत मयतांची नावे, याखेरीज काही लिहिलेले नाही. हे नीट जमेल असे वाटत नाही. पण लिहायचेच असेल तर मला दुसऱ्या कोणाबद्दल लिहिता येणार नाही.

उसाच्या मळ्यावर गुलामांच्या वहीत तिचे नाव नेल होते. ते साहेबाने ठेवलेले नाव. आपल्यात वाराचे नाव खरे. हल्ली पोरांना जॉन आणि जेम्स ठेवतात, म्हणून सांगतो. शनिवारची मुलगी ती मिंबा, शनिवारचा मुलगा तो क्वामिन. मंगळवारचा कुबिना, गुरुवारचा क्वाओ, सोमवारची मुलगी जुबा. माणूस ज्या वारी जन्मतो त्या वाराचा प्राण त्याच्याबरोबर येतो, आणि मेलेली माणसे आपल्याला त्याच नावाने ओळखतात. साहेबाने हजार नावे ठेवली तरी मेलेल्यांना त्यांचा पत्ता नसतो.

मिंबामाय दवाखाना सांभाळायची. दगडी भिंतींच्या दोन खोल्या, खिडकीला गज, दाराला बाहेरून कुलूप. आजारी माणूस आणि कामचुकार माणूस यांत साहेब फरक करत नसे, म्हणून दोघांनाही कोंडायचे. पलीकडच्या लहान खोलीत खोडा होता. ओठांत मातीची चिलीम धरून ती दोन्ही खोल्यांतून फिरे. चिलीम बहुतेक वेळ विझलेलीच, कारण तंबाखू रविवारच्या बाजारात मिळे आणि मंगळवारी संपे.

"काय रे क्वामिन, आज कुठे दुखतंय?"

"पोटात, माय."

"पोटात काही गेलंय का दुखायला?"

मुळ्या, पाने, साली यांतले तिला सगळे कळे. आमच्या मळ्याच्या ड्राइसडेलसाहेबाला तिने दोनदा तापातून उठवले होते. तो रोज सकाळी तिच्या हातचा कडू काढा पिऊनच घोड्यावर बसे. हाच साहेब आम्हाला दर महिन्याला उभे करून कायदा वाचून दाखवी: जो कोणी ओबिया, म्हणजे मंतरतंतर, करील, मंतरलेली माती, रक्त, पिसे बाळगील, त्याला फाशी किंवा देशोधडी. त्याच्या डोक्यात ओबियावाला म्हणजे रानात राहणारा एकडोळ्या म्हातारा असावा. आपल्या घशाखाली रोज कोणाच्या हातचे जाते, हे त्याला कधी सुचले नाही.

गोऱ्या लोकांना वाटे, आम्हाला तिची भीती वाटते. भीती होतीच. पण तिच्यावाचून आम्ही एकमेकांवर विश्वास ठेवला नसता. मळ्यावर साहेबाने प्रत्येकासाठी काही ना काही हातात धरलेले असे. कोणाला जास्तीची सुकी मासळी, कोणाला शेजारच्या मळ्यावरच्या बायकोकडे जायची परवानगी. भाऊ भावाची चुगली करायचा. मिंबामायने दिलेली थडग्याची माती पोटात गेली की मात्र तोंड शिवले जाई. जो बोलेल त्याचे पोट फुगून तो नवव्या दिवशी मरेल. साहेबाकडे चाबूक होता, आमच्याकडे ही माती.

कुबिना हा तिचा लाडका. पिंपे लादलेली बैलगाडी तो धक्क्यावर नेई, त्यामुळे चार मळ्यांचे निरोप त्याच्याकडून जात. आडदांड, मोठ्याने हसणारा. त्याची आई आणि मिंबामाय गुलामांच्या एकाच जहाजातून आलेल्या. एका जहाजातली माणसे म्हणजे सख्खी भावंडे, त्यांच्या पोरांची लग्नेसुद्धा आपसात होत नसत. म्हणून तो तिला मावशी म्हणे.

"मावशी, तुझ्या काढ्यापेक्षा आजार बरा."

"तुझ्या आईलाही कडू लागायचा. पण ती प्यायची. तुझ्यासारखं तोंड नव्हती करत."

आई तो रांगत असतानाच गेली होती. बायकोही गेलेली. एक मुलगी, जुबा, सोळा वर्षांची.

त्या वर्षी ठरले होते ते असे. नाताळच्या दुसऱ्या दिवशी साहेब लोक पिऊन पडतात. त्या दिवशी भर दुपारी तीन मळ्यांवर एकदम उसाच्या चिपाडांच्या कोठ्या पेटवायच्या आणि डोंगरात शिरायचे. पुढचे पुढे. आम्ही एकोणीस जण होतो. मी पंचवीस वर्षांचा, साखरघरात काहिलीवर पाक ढवळायला.

पावसाळा सरताना बेनेबा म्हातारी वारली. मयताला साहेब अर्धा दिवस सुटी देई. ढोल, गाणी, रडणे यांत कोण कुठे उभा आहे ते कळत नाही. देखरेखीला पाठवलेला तरुण कारकून नाकाला रुमाल लावून लांब उभा होता. सावरीच्या झाडामागे मिंबामायने तुंब्यात रम ओतली, ताज्या थडग्याची माती कालवली, प्रत्येकाच्या बोटाला सुरी लावून थेंब त्यात पाडला. एकेकाचे वाराचे नाव मेलेल्यांना सांगायचे, मग त्याने प्यायचे. कुबिनाची पाळी आली तेव्हा तिचा हात थांबला. मला वाटले दम लागला असेल. मग ती म्हणाली, "हा कुबिना," आणि तुंबा त्याच्या ओठांना लावला.

उरलेला गाळ त्याच दिवशी थडग्यात परत घालावा लागतो. ते काम कुबिनाकडे होते. सगळे पांगले आणि कारकून विसरलेली छत्री न्यायला परत आला. कुबिना गुडघ्यांवर बसला होता, हातात तुंबा, बोटाला रक्त.

"माझं आहे," कुबिना म्हणाला. "मीच केलं. दुसरं कोणी नाही."

त्याला चाबकाने फोडून दवाखान्यातल्या खोड्यात घातले. दुसऱ्या दिवशी सकाळी काहिलीतला पाक माझ्या पायावर सांडला. लक्ष खोड्याकडे होते, दुसरे काय. मलाही उचलून दवाखान्यात आणून टाकले. त्याच्या आणि माझ्या मध्ये फळ्यांची एक भिंत होती, आणि फळ्यांत बोटबोट फटी.

दुपारी ड्राइसडेलसाहेब आला. कुबिनाला तो वहीतल्या नावाने, हेक्टर म्हणून हाक मारी.

"हेक्टर, एकट्यासाठी कोणी तुंबाभर दारू कालवत नाही. नावं सांग."

"मला तहान फार लागते, साहेब."

साहेब चिडला नाही. तो न चिडता बोलू लागला की आम्हाला जास्त भीती वाटे.

"सोमवारी मॅजिस्ट्रेट येतील. नावं सांगितलीस, आणि ही घाण कालवली कोणी ते सांगितलंस, तर तू इथेच राहशील आणि तुझी पोरगीही. गप्प बसलास तर तू दोरावर नाहीतर जहाजावर. पोरगी बेटाच्या पश्चिम टोकाला. तिचं गिऱ्हाईक मी बघून ठेवलंय."

 बाहेर जाताना साहेब मिंबामायजवळ थांबला.

"नेल, तू बोल त्याच्याशी. तुझं ऐकतात हे लोक. बोलता केलास तर नवी घोंगडी देईन तुला. लोकरीची."

"बघते, साहेब," ती म्हणाली.

ते "बघते" मी ऐकले, आणि फळीपलीकडे कुबिनानेही.

चार दिवस तसे गेले. मी पाय दुखतो म्हणून विव्हळत होतो आणि कान फटीला लावून होतो. एकोणीस माना होत्या, त्यांतली एक माझी. जुबा दुपारच्या सुटीत धावत येई. तिला आत सोडत नसत. ती गजांतून भाजलेल्या नीरफणसाचा तुकडा आत टाकी.

"बाबा, सांग ना रे. कोण लागतात ते तुझे?"

"जुबा, बैलांना पाणी दाखवलंस का?"

"बैल गेले खड्ड्यात! मला विकतोय तो."

"डाव्याला आधी दाखव. उजवा दांडगा आहे, तो सगळं पितो."

मग ती रडत कामावर जाई, आणि ती गेली की तो कपाळ फळीवर आपटे. हळू, एका लयीत. मी मोजायचो नाही, पण बराच वेळ चाले. त्याला बोलायचे होते. हे मी खात्रीने सांगतो. रविवारी सकाळी तो स्वतःशीच पुटपुटला, "माती नसती पोटात, तर..." आणि थांबला.

ते मिंबामायनेही ऐकले. ती माझ्या पायाला कोरफड लावत होती. तिचा हात तसाच राहिला.

दुपारी मळ्यावर कोणी नव्हते. सगळे बाजाराला नाहीतर आपापल्या वाफ्यांवर. ती पाण्याचे मडके घेऊन खोड्याच्या खोलीत गेली.

"कुबिना, ऐकतोयस?"

"पाय अडकलेत मावशी. कान मोकळे आहेत."

"तुझी शपथ तुला लागत नाही."

"काय म्हणालीस?"

"शपथ कुबिनाने घेतली. तू कुबिना नाहीस."

तो हसला. चार दिवसांत पहिल्यांदा. "मग काय, हेक्टर?"

"थट्टा नको. तू गुरुवारचा आहेस. क्वाओ."

मग तिने सांगितले. ती हळू बोलत होती आणि मी श्वास धरून ऐकत होतो, म्हणून मला ते शब्द आठवतात.

"जहाजाच्या पोटात दिवस कळत नाही, रात्र कळत नाही. रोज एकदा वर नेऊन पाणी पाजायचे. ते झालं की मी कमरेच्या फडक्याला एक गाठ मारायची. मग मला ताप आला. किती पडून होते कोण जाणे. शुद्धीवर आले तेव्हा तुझ्या आईला कळा लागलेल्या. तू माझ्या या हातात आलास. तिने विचारलं, वार कोणता गं? मी गाठी मोजल्या, म्हटलं मंगळवार. आठव्या दिवशी तिने तुझ्या कानात कुबिना म्हटलं. पुढे किनाऱ्याला लागलो. माझ्या गाठींनी तो शुक्रवार होता. आणि धक्क्यावर बाजार भरलेला. आपलीच माणसं, डोक्यावर टोपल्या, कोंबड्या, कंद. मी एका बाईला विचारलं, आज काय आहे? ती म्हणाली, रविवार, दुसरं काय! दोन दिवस माझे तापात गेले होते, कुबिना. तू यायच्या आधीचे दोन दिवस."

"आईला सांगितलंस?"

"तिच्याजवळ तुझ्या नावाशिवाय काय होतं रे? ते काढून घेऊ?"

"आणि त्या दिवशी, थडग्यापाशी?"

"हात थांबला होता माझा. पण सगळे बघत होते. एकाच्या वारात खोट निघाली असती तर कोणीच प्यायलं नसतं. मी पुढे रेटलं. मेलेल्यांना भलतंच नाव सांगितलं मी. तुझ्या पोटातली माती नुसती माती आहे. बोललास तर तुला काही होणार नाही. पोरीसाठी बोल, नाहीतर नको बोलूस, ते तू बघ. पण माझ्या खोट्या दोरीने बांधलाय म्हणून गप्प बसू नकोस."

 खिडकीत माश्या घोंगावत होत्या. माझ्या मनात त्या वेळी एकच होते. त्याने विश्वास ठेवू नये.

"घोंगडी मिळाली का?" कुबिना म्हणाला.

"काय?"

"लोकरीची. साहेब म्हणत होता."

"कुबिना, तुला काय वाटलं..."

"आता परत कुबिना? चाळीस वर्षं मला त्या नावाने हाक मारलीस. सोमवार तोंडावर आला तसा मी गुरुवारचा झालो?" त्याचा आवाज फाटला. "माझ्या आईच्या जहाजातली तू. तुलाही घेतलं त्याने विकत? एका घोंगडीत?"

"ऐक माझं."

"जा. आणि पाणी घेऊन जा. तुझ्या हातचं नको." मग त्याने फळीवर हात आपटला. "क्वामिन! जागा आहेस ना? ऐकलंस सगळं? बाहेर पडलास की सांग लोकांना. म्हणावं, मिंबा साहेबाकडे गेली. तिच्या हातचं काही घेऊ नका."

ती बाहेर आली. मडके भरलेलेच होते. तिने माझ्याकडे पाहिले. मी भिंतीकडे तोंड केले.

सोमवारी साहेबाच्या ओसरीवर तीन मॅजिस्ट्रेट बसले. कुबिनाने नाव सांगितले ते फक्त स्वतःचे, वहीतले. देशोधडी झाली. त्याच्याच बैलगाडीतून त्याला धक्क्यावर नेले. गाडीवर बसलेल्या नव्या माणसाला तो म्हणाला, "डाव्याला चाबूक लावू नको, तो शब्दावर चालतो." त्यानंतर तो कुठे गेला, किती जगला, काही कळले नाही. त्याच आठवड्यात जुबाला पश्चिमेकडे पाठवले. साहेब शब्दाचा पक्का होता.

पाय टेकवता येऊ लागला तसा मी वस्तीत परतलो आणि सांगितले. साहेब तिला घोंगडी देणार होता. ती "बघते" म्हणाली. मग तिने कुबिनाला शपथ मोडायला सांगितले, वार खोटा आहे म्हणून. यात एकही शब्द खोटा नव्हता.

त्या दिवसापासून तिला कोणी विस्तव देईना. तिच्या चुलीवरचे कोणी खाईना. बाळंतिणी दातांत फडके धरून आपापल्या खोपटात पडून राहत, पण तिला बोलावत नसत. त्यात दोन पोरे गेली, एक आई गेली. आणि तिला सोडून तरी जायचे कुठे? परवानगीच्या चिठ्ठीशिवाय मळ्याची हद्द ना तिला ओलांडता येई, ना आम्हाला. आजारी पडलो की साहेब आम्हाला तिच्याच हाती कोंडत असे. ती काढा आणून ठेवी, पाठ फिरवी. आम्ही तो जमिनीवर ओतून टाकायचो. तिला ते दिसे. ती जमीन पुसून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काढा उकळायची. घोंगडी काही साहेबाने दिली नाही. ती असती-नसती तरी आम्हाला फरक पडला नसता.

नाताळ आला. आम्ही नाचलो आणि नाचताना एकमेकांची तोंडे बघत होतो. चिपाडांच्या कोठ्या जागच्या जागी राहिल्या. दुसऱ्या कोणाच्या हातची माती प्यायला कोणी तयार नव्हते, आणि मातीवाचून कोणी कोणावर विसंबायला तयार नव्हते. सात वर्षांनी पश्चिमेकडचे मळे जळाल्याची बातमी आली. आमच्याकडे ऊस तोडायचा हंगाम चालू होता. आम्ही ऊस तोडला.

चौदा वर्षांनी मोकळीक आली. पूर्ण मोकळीक, चिठ्ठी नाही, चाबूक नाही. मी डोंगराच्या उतारावर जागा घेतली. मिंबामायनेही वस्तीपासून दूर, ओढ्याच्या वर, एक खोपट घातले. एक दिवस कंद लावताना माझा हात थांबला. कुबिना त्या रविवारी बोलला असता तर पहिले नाव कोणाचे आले असते? माती कालवणारीचे. सगळ्यात आधी तिचीच मान गेली असती. साहेबाला फितूर झालेली बाई आपला फास दुसऱ्याच्या हातात देऊन तो ओढायला सांगते का? एवढी साधी गोष्ट मला चौदा वर्षे दिसली नव्हती. कदाचित पाहायची नव्हती.

मी तिच्याकडे गेलो. ती उंबऱ्यात बसून माठाची भाजी निवडत होती.

"माय, आधी तुझंच नाव आलं असतं."

तिने वर पाहिले नाही. "कळलं का? किती वर्षं लागली?"

"चौदा."

"बरीच हुशारी म्हणायची. बाकीच्यांना अजून कळायचंय."

"मग तू बोलली का नाहीस? मी वस्तीभर सांगत सुटलो, आणि तू गप्प."

"काय सांगू? कुबिनाची शपथ पोकळ होती म्हणून? दुसऱ्या दिवशी जो तो आईला विचारत बसला असता, माझा वार खरा ना गं? ज्यांना आया नव्हत्या त्यांनी कोणाला विचारायचं? आणि साहेब तर दारात उभाच. एकाचं तोंड सुटलं असतं की अठरा गेले असते." तिने एक कीड लागलेले पान काढून टाकले. "मी फितूर झाले म्हटल्यावर काय झालं? सगळ्यांना वाटलं, मिंबालासुद्धा ही गाठ सोडवत नाही. तोंडं घट्ट मिटली. म्हटलं, असू दे."

 पण एक राहिले होते, आणि ते विचारल्याशिवाय मी उठलो असतो तर बरे झाले असते असे कधीकधी वाटते.

"मग त्याला तरी का सांगितलंस? तो बोलला असता तर आम्ही सगळे गेलो असतो. मी गेलो असतो."

"हो. तू गेला असतास."

"मग?"

"माती माझी होती, क्वामिन. खरी असती तर मी त्याला मरू दिलं असतं. खोटी आहे हे ठाऊक असून बांधून ठेवायचं, तर माझ्यात आणि त्या खोड्यात फरक काय?"

मी विचारले, आता लोकांना सांगू का? ती म्हणाली, "सांग की. आता कोण लटकवतोय?"

मी म्हणालो, उद्याच सांगतो. सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या महिन्यात नाही. तोपर्यंत मी चॅपेलमध्ये पुढच्या बाकावर बसू लागलो होतो. लोक मला विचारून लग्ने ठरवत. कुबिनाची गोष्ट सांगणारा मीच, एकोणीस जणांतला शहाणा मीच.

पुढच्या उन्हाळ्यात जुबा आली. बेटाच्या त्या टोकापासून बारा दिवस चालत. तिशी ओलांडलेली, डोक्यावर गाठोडे, तळवे फाटलेले. तिने आधी बापाचे काही कळले का ते विचारले. कोणालाच काही कळलेले नव्हते. मग कोणीतरी तिला मिंबाचे सांगितले, मी सांगितले होते तसेच. ती गाठोड्यासकट ओढ्याच्या वर गेली, आणि आम्ही चारचौघे बघत असताना त्या म्हातारीच्या उंबऱ्यावर थुंकली. 

जुबा खाली येत होती. मी तिला वाटेत गाठले, फणसाखाली बसवले आणि सगळे सांगितले. गाठी, बाजार, मडके, घोंगडी, काही ठेवले नाही.  माझे संपल्यावर म्हणाली,

"म्हणजे ती बाबाला शपथेतून सोडवायला निघाली होती."

"हो."

"मला इथे ठेवायला."

"हो."

"तिचा गळा गेला असता तरी."

"हो."

"आणि तू भिंतीपलीकडे होतास."

"हो."

"तुला काय वाटत होतं तेव्हा, क्वामिनकाका?"

खोटे बोलता आले असते. पण ती बापासारखी सरळ बघत होती.

"त्याने गप्प बसावं असं," मी म्हणालो.

तिने मान हलवली, गाठोडे उचलले आणि पुन्हा वर चढून गेली. खोपटाच्या दारात तिने खाली बसून आपल्या डोक्याच्या फडक्याने उंबरा पुसला. मग आत गेली. आत काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. ती तिथेच राहिली. सहा वर्षांनी मिंबामाय गेली तेव्हा खड्डा खणायला गावातून कोणी आले नाही. जुबाने आणि मी खणला. खणताना ती माझ्याशी बोलली नाही. लोक तिच्याबद्दलही कुजबुजत, फितुरीणीचे मीठ खाल्ले म्हणत. तिने कधी कोणाला उत्तर दिले नाही. माझे नाव घेतले असते तर एका वाक्यात सुटली असती. ते वाक्य माझ्याकडून यायला हवे, असे तिने ठरवले असावे.

जुबाची आता पासष्टी उलटली. वरचे खोपट पडल्यावर ती खाली राहायला आली, तिचे घर माझ्या घरापासून तिसरे. येता-जाता मी टोपी काढतो. ती बघते आणि पुढे जाते.

मास्तर, हे तुम्ही कपाटात ठेवू नका. येत्या रविवारी प्रार्थना झाल्यावर सगळे बसलेले असताना मोठ्याने वाचा, कारण जुबाला वाचता येत नाही. थुंकणारी म्हातारी माणसे आता सहा-सातच राहिली आहेत, ती सगळी येतात. मी त्या दिवशी मागच्या बाकावर बसेन. संपेपर्यंत उठणार नाही.